मय्यतीच्या गुस्लासाठी तालुक्याची वाट कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला आहे. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि याच दिवसांत आमच्या खेड्यांतल्या मुस्लिम घरांत एक चूक हमखास होते. मय्यत झाली, म्हणजे घरात कुणी गेले, की गुस्ल (मृतदेहाला विधिवत आंघोळ) देणारा तालुक्याहून येईल म्हणून सगळे बसून राहतात. गावात चार-पाच घरे, मशीद शेजारच्या गावाला, गाडीची सोय होता होता पाच-सहा तास जातात. तोवर अंग आखडलेले असते, पोट फुगलेले असते, आणि जे काम तासाभरात सहज झाले असते त्यासाठी ओढाताण करावी लागते.

गुस्ल हे मौलानांचे राखीव काम नाही. तो फर्ज-ए-किफाया आहे. वस्तीतल्या काहींनी केला की सगळ्यांची जबाबदारी उतरते, कुणीच केला नाही तर दोष सगळ्यांना. पहिला हक्क जवळच्या नातेवाइकांचा, फक्त त्यांना काम माहीत हवे. उर्दूत याच्या पुस्तिका मिळतात, पण खेड्यातली आमची बहुतेक मुले जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेली. कलमा पाठ असतो, उर्दू वाचता येत नाही. म्हणून हे पत्र मराठीत. रीत आपल्याकडे चालते ती, म्हणजे हनफी मताची (सुन्नी मुसलमानांतली एक परंपरा), लिहितो आहोत.

पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. डोळे हलक्या हाताने मिटवायचे. रुंद पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधायची, नाहीतर तोंड उघडे राहते ते राहतेच. हात बाजूला सरळ, पाय सरळ, पायांचे दोन्ही अंगठे एकत्र बांधायचे. अंगावरचे कपडे तेव्हाच उतरवून चादर घालायची. आखडणे जबडा-मानेपासून दोन-तीन तासांत सुरू होते, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. पोटावर थोडे वजन ठेवायची जुनी रीत आहे, विळा किंवा लोखंडाचा तुकडा चालतो. पाटा-वरवंटा ठेवू नये. हात आखडलाच असेल तर झटका देऊ नका. कोमट पाण्याचे फडके सांध्यावर धरा, कोपर थोडे थोडे वाकवत सैल करा. म्हाताऱ्या माणसाचे हाड जोराने मोडते.

दवाखान्यातून आणलेली मय्यत असेल तर सलाईनची सुई, नाकातली नळी आणि लघवीची नळी तिथेच काढून मागा. लघवीच्या नळीच्या टोकाला आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो. तो सिरिंजने रिकामा केल्याशिवाय नळी ओढली की आतून फाटते आणि मग रक्त थांबता थांबत नाही. घरी हे कुणीही करू नये. चिकटपट्टी मात्र घरी निघते. खोबरेल लावून पाच मिनिटे थांबायचे. नखांवर नेलपॉलिश असेल तर पुसायचे, त्याखाली पाणी पोहोचत नाही. मेंदीची अडचण नाही. बांगड्या, जोडवी, नथ काढायची. बोटात रुतलेले जोडवे पकडीने कापा, ओढून कातडी सोलू नका.

तख्ता साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद लागतो. मशिदीचा नसेल तर लाकडी दिवाण किंवा भक्कम दाराची फळी चालते. डोक्याच्या बाजूला दोन विटा, म्हणजे पाणी पायाकडे वाहील. त्या टोकाला खड्डा खणा किंवा टब ठेवा, पाणी गल्लीत जाऊ देऊ नका. चारी बाजूंनी चादरी लावा, आणि वरूनही लावा. शेजारच्या माडीवरून दिसते हे कुणाच्या लक्षातच येत नाही. लोबानाची धुनी तख्त्याभोवती तीन, पाच किंवा सात वेळा फिरवायची. माणसे चार पुरतात. एक पाणी घालणारा, एक धुणारा, दोघे कूस वळवणारे. बाकीचे बाहेर.

पाणी तीन-चार बादल्या, म्हणजे पन्नास-साठ लिटर. टँकरच्या गावात एवढे पाणी आधी बाजूला काढून ठेवा, मध्येच कुणाला मागायला धाडू नका. एका गंजात बोरीचा पाला उकळून ते पाणी थंड पाण्यात मिसळायचे. बोरी विदर्भात बांधाबांधावर आहेत, पाला विकत आणायची गरज नाही. नसेलच तर साधा साबण पुरे. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर घालून पाहा. तिथे सुखद वाटेल एवढेच कोमट हवे. कडक पाण्याने कातडी सुटते, आणि उन्हाळ्यात तर लवकर सुटते. उंचावरून धारही धरू नका.

आता गुस्ल. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत जाड, गडद कापड. पांढरे पातळ कापड ओले झाले की आरपार दिसते, ही चूक फार घरांत होते. डाव्या हाताला कापडाची पिशवी किंवा हातमोजा चढवून त्या कापडाखालूनच तहारत (गुप्तांगांची सफाई) करायची. तो हातमोजा तिथेच टाकून दुसरा घ्यायचा. मग वजू, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुतात तसे धुणे. यात गुळणी नाही, नाकात पाणी घालणे नाही. ओला कापूस दात, ओठ आणि नाकपुड्यांवरून फिरवायचा. मग चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याला मसह (ओला हात फिरवणे), पाय. नाका-कानांत कापसाचे बोळे.

इथे कापसाबद्दल एक सांगायला हवे, कारण आपल्याकडे तो घरोघरी असतो. सरकी काढलेला घरचा कापूस पाणी पीत नाही, त्याच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. म्हणून नाक-कान बंद करायला तो उत्तम. पण जखमेतून किंवा कुठूनही पाझरत असेल तिथे तोच कापूस फसवतो, पाझर त्यात शोषला जात नाही. तिथे मेडिकलमधला शुभ्र कापूस हवा. दोन्ही जवळ ठेवा.

पुढे डोके आणि दाढी साबणाने धुवायची. मय्यतीला डाव्या कुशीवर वळवून उजवी बाजू डोक्यापासून पायापर्यंत धुवायची, पाणी खाली तख्त्यापर्यंत पोहोचले पाहिजे. मग उजव्या कुशीवर वळवून डावी बाजू. यानंतर पाठीला आधार देऊन थोडे उठवायचे आणि तळहात पोटावरून वरून खाली हळू फिरवायचा. हळू म्हणजे जेवढ्या दाबाने कणीक थापतो तेवढ्यानेच. काही बाहेर आले तर तेवढी जागा धुवायची. वजू आणि गुस्ल पुन्हा करायचे नसते. हे माहीत नसल्याने लोक दोन-दोनदा गुस्ल देतात आणि दरवेळी पुन्हा दाबतात, म्हणून पुन्हा येते. शेवटच्या पाण्यात कापूर. वडी बारीक चुरून टाका, नाहीतर ती वर तरंगते आणि गंध पाण्याला लागत नाही. एकदा सर्वांगावर पाणी फिरणे फर्ज (सक्तीचे), तीनदा सुन्नत (प्रेषितांची रीत). नखे, केस कापायचे नाहीत, फणीही नाही. कोरड्या टॉवेलने टिपून घ्यायचे, रगडायचे नाही.

पोस्टमार्टेम झालेली मय्यत वेगळी. सर्पदंश, विहीर, वीज, शेतातला करंट, रस्त्यावरचा अपघात, विष: खेड्यात अकाली जाणारा बहुधा यातल्याच कुठल्या तरी कारणाने जातो आणि त्याचा पंचनामा होतो. छाती-पोटावर लांब टाके असतात, टाळूवर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. इथे पोट दाबायचे नाही, बसवायचे नाही. टाक्यांवर शोषक कापसाचा जाड थर, वर बँडेज, त्यावर रुंद चिकटपट्टी, आणि मगच पाणी. डोक्याचे टाके पाझरतात म्हणून मानेखाली घडी घातलेले फडके. कोरडे केल्यावर पट्टी बदलायची, आणि पाझर राहिलाच तर धडाभोवती स्वच्छ प्लास्टिक गुंडाळून त्यावर कफन. कातडी सुटू लागली असेल किंवा जळालेली असेल तर हात न लावता नुसते पाणी ओतले तरी गुस्ल होतो. पाण्यात बुडून गेलेल्यालाही गुस्ल द्यावाच लागतो.

विष प्यालेल्याची नमाज होते का, हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. गुस्लही होतो, कफनही होते, जनाज्याची (दफनाआधीची) नमाजही होते. घरच्यांना त्या दिवशी कुणी याउलट सुनावू नये. काळजी घ्यायची ती वेगळी. कीटकनाशक ओकारीत, कपड्यांत, कातडीवर असते आणि कातडीतूनही अंगात शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते औषध प्यायले नव्हते. तेव्हा अशा मय्यतीला उघड्यावर, रबरी हातमोजे आणि मास्क लावूनच हात लावा. कपडे कुणाला देऊ नका, पुरून टाका.

कफनाचे कापड पांढरे सुती. मांजरपाट चालतो, पण पन्हा पाहून घ्या. ३६ इंची पन्हा अंगाभोवती पुरत नाही, ५० ते ५४ इंची हवा; न मिळाल्यास दोन पाट लांबीत टाके घालून जोडावे. पुरुषाला तीन कपडे. साडेपाच फुटी माणसाला लिफाफा (बाहेरची चादर) अडीच मीटर, इजार (आतली चादर) सव्वादोन, कमीस (अंगरखा) अडीच. बंद (बांधायच्या पट्ट्या), सतरचे (बेंबी ते गुडघा झाकायचे) कापड, हाताच्या पिशव्या धरून नऊ-दहा मीटर. बाईला पाच. ओढणी दीड मीटर आणि छातीपासून मांडीपर्यंतचा सीनाबंद वाढतो, म्हणून बारा-तेरा मीटर. शहरात तयार संच मिळतात, पण त्यांचे माप एकच असते. सहा फुटी माणसाच्या पायाशी गाठ बसत नाही तेव्हा ते कळते.

खाटेवर आधी तीन बंद आडवे टाका, मग लिफाफा, त्यावर इजार, त्यावर कमीस. कमीस म्हणजे शिवण नसलेले कापड. मधोमध दुमडायचे, घडीवर डोके जाईल एवढी चीर द्यायची. मागचा अर्धा भाग इजारीवर पसरायचा आणि पुढचा गुंडाळी करून उशाशी ठेवायचा. मय्यत ठेवली की गुंडाळी डोक्यावरून घेऊन पायांकडे उलगडत न्यायची आणि त्याच वेळी खालून सतरचे ओले कापड काढून घ्यायचे. चीर कमी पडली तर मान उचलून ओढाओढ होते, म्हणून आधी स्वतःच्या डोक्यावर माप घ्या. सजद्याच्या जागांना म्हणजे कपाळ, नाक, दोन्ही तळवे, गुडघे आणि पावलांना कापूर लावायचा. मग इजार आधी डावीकडून, तिच्यावर उजवीकडून, लिफाफाही तसाच. बाईच्या केसांचे दोन भाग करून कमिसावर छातीवर ठेवतात, त्यावर ओढणी, आणि सीनाबंद लिफाफ्याच्या आत. गाठी सैल बांधा, कबरीत सोडायच्या असतात.

खरी टंचाई बायकांची आहे. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. बायको नवऱ्याला गुस्ल देऊ शकते. हनफी मताने नवरा बायकोला हात लावू शकत नाही. लहान मुलांना कुणीही देऊ शकते. मृत जन्मलेल्या बाळालाही न्हाऊ घालून, नाव ठेवून, कापडात गुंडाळून पुरतात, फक्त नमाज नसते. बाई गेली आणि जाणणारी बाई गावात नसली तर पडद्याबाहेर उभ्या पुरुषाने एकेक पायरी सांगायची, आत घरच्याच दोघी-तिघींनी करायचे. कुणीच बाई नसेल तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीवर हात मारून चेहरा-हातांवर फिरवणे: महरम (ज्याच्याशी लग्न होऊ शकत नाही अशा जवळच्या नात्यातल्या) पुरुषाने उघड्या हाताने, परक्याने हाताला कापड गुंडाळून. न्हाऊ घालताना जे दिसले ते, शरीराचा दोष असो की आणखी काही, बाहेर बोलायचे नाही.

बिगरमुस्लिम शेजारी अशा वेळी अंगणात उभे राहतात आणि काय करावे त्यांना कळत नाही. पाणी भरणे, चादरी बांधणे, कापड आणणे, कबर खणणे यात जातधर्म आड येत नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात कबरीची कड ढासळते. कुठे खणावे आणि फळ्या कशा लावाव्यात, हे गावच्या विहिरी खोदणाऱ्याला आमच्याहून चांगले समजते.

दोन मागण्या. ग्रामीण रुग्णालयांत शवविच्छेदनानंतरचे टाके जवळ जवळ आणि घट्ट घालावेत. सैल टाक्यांची किंमत गुस्ल देणाऱ्याच्या हाताला मोजावी लागते. सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायची परवानगी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले शव आणि घातपाताचा संशय ही प्रकरणे सोडून, आणि सोय असेल तिथेच. विजेच्या धक्क्याने किंवा सर्पदंशाने गेलेल्याला त्यामुळे सकाळपर्यंत उकाड्यात ठेवायचे कारण उरत नाही, पण शवविच्छेदनगृहात पुरेसा उजेडच नसेल तर परवानगीचा उपयोग काय?

दुसरी ग्रामपंचायतीकडे. जनसुविधा योजनेतून दहनभूमीबरोबर दफनभूमीचीही कामे होतात. तिथे बहुधा कुंपण आणि फाटक सुचवले जाते. त्याऐवजी, किंवा त्याआधी, सात फूट बाय तीन फुटांचा, पायाकडे उतार असलेला सिमेंटचा ओटा, वर टिनाचे छप्पर, तीन बाजूंनी भिंत, एक नळ, एक दिवा आणि सांडपाण्याला शोषखड्डा एवढे द्या. ओट्याची उंची कमरेइतकी ठेवा. जमिनीलगत बांधलेल्या ओट्यावर वाकून कूस वळवता येत नाही.

आपले,
गुस्ल-कफनाचे काम करणारे काही ग्रामस्थ,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ