विषय: चार रिमच्या संचात दोन वेगवेगळे ऑफसेट, चुकीच्या हब रिंगा आणि चुकीचे बोल्ट

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या १९८२ च्या मर्सिडीज २८० ई (डब्ल्यू १२३) साठी मी आपल्याकडून चार अलॉय रिम घेतल्या. ऑर्डरमध्ये माप स्वच्छ लिहिलेले आहे: १६ इंची, ७जे (रुंदी ७ इंच), पीसीडी ५ × ११२ (११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), ईटी २५ (ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचे अंतर मिमीमध्ये; आकडा जितका मोठा तितके चाक आत), हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) ६६.६ मिमी, एम१२ × १.५ चे गोल बैठकीचे बोल्ट. गाडीला आखूड स्प्रिंग बसवून ती खाली घेतली आहे, हेही त्यातच नमूद आहे. आपल्या तंत्रज्ञाने हे सगळे वाचून 'फिटमेंट मंजूर' असे उत्तर दिले, त्यानंतरच मी पैसे भरले.

पुढच्या दोन रिमबद्दल माझी काही तक्रार नाही. चाक मडगार्डच्या कडेशी नेमके येते, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवले तरी कुठे लागत नाही. मागे मात्र चाके कमानीच्या आत इतकी गेली आहेत की मागून पाहणाऱ्याला ही दोन गाड्यांची चाके वाटावीत. या गाडीचा मागचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, मुळातच पुढच्यापेक्षा कमी, त्यात दोन्ही बाजू मिळून आणखी ४० मिमी गेले. दिसण्याचे दुःख मी एक वेळ गिळले असते, पण मागच्या सीटवर दोन माणसे बसली की टायरची आतली कड पत्र्याला टेकते. म्हणून गाडी रस्त्यावर न नेता मी जुनी चाके परत चढवली.

खोक्यांवरच्या चारही लेबलांवर ईटी २५ आहे. मागच्या दोन रिमच्या पाठीवर मात्र ओतीव अक्षरांत ईटी ४५ आहे. यावर आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे असे, की ते आकडे साच्याचे असतात, लेबल खरे मानावे. ठीक आहे, आकडे बाजूला ठेवू. रिम पालथी घालून कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवली आणि तिथून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतची खोली मोजली. पुढच्या रिमची १२७ मिमी भरली, मागच्या दोन्हींची १४७. फरक बरोबर २० मिमी. पट्टी ना लेबल वाचते ना साचा. पट्टीसह काढलेले फोटो या पत्रासोबत आहेत.

हब रिंगांचीही तीच गत. रिमचे मधले भोक ७३.१ मिमीचे, हब ६६.६ चा. मधली जागा भरायला दिलेल्या रिंगा आतून ५७.१ मिमीच्या आहेत, त्या या हबवर चढतच नाहीत. ५ × ११२ वर ५७.१ हे माप फोक्सवॅगन-आउडीच्या गाड्यांचे. ईटी ४५ सुद्धा त्याच घराण्यात शोभणारे. म्हणजे कुणा दुसऱ्याच्या गाडीचा अर्धा संच माझ्या खोक्यात आला, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर माझ्या दोन रिम कुठल्यातरी हॅचबॅकच्या मडगार्डबाहेर डोकावत असतील, तेवढे एकदा तपासा.

बोल्ट तर तिसरेच! रिममधली बैठक गोल, १२ मिमी त्रिज्येची. पाठवलेले बोल्ट ६० अंशांच्या शंकूचे. शंकू गोल बैठकीत पूर्ण बसत नाही, बारीकशा कडेवर टेकतो. टॉर्क रेंच ११० न्यूटन-मीटरला 'टक्' करतो आणि आवळणाऱ्याला वाटते काम झाले. गाडी धावायला लागली की तीच बारीक कड दबते, बोल्ट सैल पडतो. माझ्या मेकॅनिकने ते हातात घेऊन पाहिले आणि परत पिशवीत टाकले.

आता आपल्या पत्रात सुचवलेल्या उपायांबद्दल. पहिला उपाय, मागे २० मिमीचे स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायच्या चकत्या) लावा. चांगले स्पेसर वाईट नसतात, हे मला मान्य आहे. पण या गाडीला स्टड नाहीत, बोल्ट आहेत. २० मिमीचा स्पेसर म्हणजे बोल्टही तेवढाच जास्त लांब हवा, हबमध्ये किमान ८ आटे धरायला हवेत, आणि स्पेसरला स्वतःची ६६.६ ची कड हवी, कारण हबची मूळ कड त्याच्या आतच बुडून जाते. यातले काहीही आपल्या पत्रात नाही. आणि मुळात ईटी २५ चे पैसे घेऊन ईटी ४५ द्यायची व वरून स्पेसर मलाच विकत घ्यायला लावायचा, हा कुठला न्याय?

दुसरा उपाय, टायर १९५/४५ चा, म्हणजे कमी उंचीचा, घाला. सदरा आखूड शिवून गिऱ्हाइकाला वाकून चालायला सांगणाऱ्या शिंप्यासारखे झाले हे. मूळ १९५/७० आर १४ चा व्यास सुमारे ६२९ मिमी. मी बसवलेल्या २०५/५५ आर १६ चा ६३२, आणि भारांकही तोच, ९१, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. आपला १९५/४५ भरतो ५८२ मिमी. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ९३ च्या आसपास असेल. भारांक ८४ धरला तरी एका टायरला ५०० किलोच. एवढ्या जड सेडानला असा टायर सुचवण्यापूर्वी कुणी तक्ता उघडून पाहिला होता का?

गाडी खाली घेतल्यामुळे टायर घासतो, असेही आपण लिहिले आहे. मागच्या सेमी-ट्रेलिंग आर्मच्या (चाक धरणाऱ्या तिरप्या दांड्यांच्या) रचनेत गाडी खाली गेली की चाकाचा माथा आत कलतो, हे खरे. म्हणून तर ईटी २५ निवडला होता. त्या कलण्यासाठी ठेवलेली जागाच आपल्या २० मिमीने खाल्ली.

'टायर चढवल्यावर रिम परत घेत नाही' हा आपला नियम गिऱ्हाइकाचे मन बदलले तर लागू करा. खोक्यावर एक आणि आत दुसरेच निघाले, तिथे तो लागू होत नाही.

मला हवे ते असे: ईटी २५ च्या दोन रिम, त्याच रंगाच्या व त्याच डिझाइनच्या, ७३.१ ते ६६.६ च्या चार हब रिंगा, शक्यतो ॲल्युमिनियमच्या. रिमच्या जाडीला पुरेल अशा लांबीचे गोल बैठकीचे वीस बोल्ट. चुकीच्या रिम आपल्या खर्चाने न्याव्यात आणि टायर उतरवणे-चढवणे व बॅलन्सिंगचा खर्च द्यावा, त्याची पावती जोडली आहे. नवीन रिम पाठवण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे पट्टी ठेवून फोटो पाठवा. १२७ दिसल्याशिवाय मी खोके ताब्यात घेणार नाही. हे जमणार नसेल तर चारही रिम परत घेऊन पूर्ण रक्कम द्या.

चुकीच्या दोन रिम बांधून तयार आहेत. न्यायला माणूस कधी पाठवता, ते कळवावे.

आपला,
एक ग्राहक