घरघर लागली म्हणजे वेळ संपली, असे नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अतिदक्षता विभागातील खाटांची टंचाई, अनामत रकमेवरून होणारे वाद, गर्दीत अडकलेल्या रुग्णवाहिका या विषयांवर आपल्या स्तंभात पुणेकरांची पत्रे नेहमी येतात आणि ती यायलाच हवीत. परंतु रुग्ण रुग्णवाहिकेत चढण्यापूर्वीच्या, म्हणजे आपल्याच दिवाणखान्यातल्या आणि जिन्यातल्या पहिल्या दहा मिनिटांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्या दहा मिनिटांत कोणाचे चुकले हे शोधू लागलो, तर बोट आपल्याकडेच वळते, हे त्याचे कारण असावे. माझे तर वळलेच आहे, म्हणून हे पत्र.

कोथरूडमधील आमची चार मजली इमारत पस्तीसेक वर्षे जुनी आहे. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास शेजारच्या काकूंनी आमचे दार ठोठावले. काकांना रात्रीपासून छातीत जड वाटत होते, डावा खांदा भरून आला होता आणि घामही आला होता. पण आदल्या दिवशी लग्नाचे जेवण झालेले असल्यामुळे 'पित्त असेल' असे ठरवून ओवा, सोडा आणि शेक एवढ्यावर रात्र काढण्यात आली होती, आणि नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद. मी पोचलो तेव्हा काका खुर्चीत कलंडले होते. आम्ही त्यांना उचलून पलंगावर निजवले, हाका मारल्या, चेहऱ्यावर पाणी मारले, प्रतिसाद नाही. श्वास मात्र चालू आहे असे वाटत होते. घशातून घरघर आवाज करीत एक मोठा आचका यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक आचका. आमच्यातील वयाने सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "घरघर लागली. गंगा पाजा." देवघरातून सीलबंद गडू आला, कोणी खाली जाऊन तुळशीचे पान आणले, आणि काकूंचा हात थरथरत होता म्हणून चमचा मी हाती घेतला. त्या खोलीत आम्ही नऊ जण होतो. नवांपैकी एकानेही काकांच्या छातीला हात लावला नाही.

रुग्णवाहिकेला फोन वेळेवर केला होता आणि ती अठराव्या मिनिटाला आली. त्यातली तीन मिनिटे आमच्याच फाटकाने खाल्ली, कारण रात्री कुलूपबंद असणाऱ्या मोठ्या फाटकाची किल्ली ज्या वॉचमनकडे होती तो मागे पाण्याची मोटर लावायला गेला होता. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. लिफ्टमध्ये '४ व्यक्ती, २७२ किलो' अशी पाटी आहे आणि त्या चार व्यक्ती उभ्या असाव्यात हे गृहीत आहे. डॉक्टर जिन्याने धावत वर आले. त्यांनी सर्वांत आधी काकांना गादीवरून खाली फरशीवर घेतले आणि गुडघ्यांवर बसून छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. मदतनिसाने यंत्र जोडले. पाऊण तास प्रयत्न करूनही काका परतले नाहीत. मधेच डॉक्टरांनी विचारले, "श्वास असा कधीपासून येत होता?" आम्ही म्हणालो, पंधरा-वीस मिनिटांपासून. ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर मी जे वाचले आणि भूलतज्ज्ञ असलेल्या माझ्या भाचीकडून जे समजून घेतले, ते सांगतो. आपण बोलताना हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण त्या दोन वेगळ्या अवस्था आहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, घामाघूम होतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदय रक्त पुढे ढकलणेच थांबवते, बहुधा त्याचे ठोके विस्कटून ते नुसते थरथरत राहते म्हणून; माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पहिल्यातून दुसरे केव्हाही उद्भवू शकते, आणि काकांच्या बाबतीत साडेसहाला तेच झाले असावे. रक्त पोचेनासे झाले की चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते, आणि छातीवर दाब किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. अठरा मिनिटांचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता घरघरीविषयी. दीर्घ आजाराने क्षीण झालेल्या, डॉक्टरांनी घरी पाठवलेल्या माणसाच्या घशात अखेरच्या तासांत जी घरघर लागते, तिच्याशी माझे भांडण नाही. तेथे गंगेचे दोन थेंब आणि जवळच्यांचा हात हाच उपचार. परंतु काल रात्री लग्नात जेवलेला माणूस अचानक कोसळतो आणि मग तसे आचके देतो, तेव्हा त्या आचक्यांना श्वास म्हणता येत नाही. उपाशी पडलेल्या मेंदूच्या तळातून सुटणारी ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. 'अजून श्वास आहे' म्हणून थांबणारा आणि 'आता संपले' म्हणून पाणी पाजणारा, दोघेही तेथे सारखेच चुकतात, कारण ती घरघर म्हणजे छातीवर दाब द्यायला याच क्षणी सुरुवात करा, अशी खूण आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत उतरते, मग ते गंगेचे असो वा नळाचे. आपल्या भाषेतील एक वाक्प्रचार आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की, समोरची अवस्था पाहण्याआधीच आपण तिचा अर्थ लावून मोकळे होतो.

दाब देण्याची कृती अवघड नाही. रुग्ण कठीण जागी उताणा, तळहाताची टाच छातीच्या मध्यावर, दुसरा हात त्यावर, कोपरे ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दाबणारा दमतो आणि दाब उथळ होतो. बरगडी मोडली तरी थांबायचे नाही. केवळ दोन हातांनी रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले, आणि तोंडाने श्वास देण्याचा संकोच आड येऊ नये म्हणून भारतातील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य नागरिकांसाठी केवळ दाबाचीच पद्धत शिकवायला घेतली आहे. राहता राहिला लयीचा प्रश्न. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी ढोलाचा सराव करणाऱ्या हजारो मुलामुलींना सेकंदाला सुमारे दोन ठोके म्हणजे काय, हे पुण्यात तरी शिकवावे लागू नये. दंडात ताकद आहे, लय आहे, वस्तीवस्तीत ओळख आहे. पथकांच्या सरावातील एक संध्याकाळ या कामी लावणे कोणालाही जड जाणार नाही. (मांडवांमुळे रस्ते अरुंद होतात ही तक्रार मी दरवर्षी करतो आणि करीत राहीन, पण त्याच मांडवातील कार्यकर्ते या कामी सर्वांत आधी धावतील, हेही मला ठाऊक आहे.)

धापेच्या रुग्णांबाबत आपली चूक वेगळ्या प्रकारची असते. धाप लागलेला माणूस स्वतःहून उठून बसतो, पुढे झुकतो. आपण त्याला 'जरा आडवे व्हा, बरे वाटेल' म्हणून निजवतो. हृदय अशक्त होऊन फुप्फुसात पाणी साठलेल्या माणसाला निजवणे म्हणजे त्याला आणखी गुदमरवणे होय. त्याला बसताच ठेवावे आणि खाली न्यायचे तर प्लास्टिकच्या हातवाल्या खुर्चीतून न्यावे, जी आमच्या लिफ्टमध्येही मावते. दम्याच्या बाबतीत 'पंपाची सवय लागते' ही समजूत सुशिक्षित घरांतही अजून मुरलेली आहे. तीव्र झटक्यात झटपट आराम देणारा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून चार ते दहा फवारे आणि गरज पडल्यास पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी पुन्हा द्यावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आमच्याच इमारतीतील एका मुलीचा पंप मात्र 'अगदीच लागला तर' म्हणून कपाटाच्या वरच्या खणात असतो. रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येईना, किंवा आधी ऐकू येणारी सुंई-सुंई उतार न पडताच बंद झाली, तर ते बरे वाटण्याचे लक्षण समजू नये. हवाच आत-बाहेर होत नसल्याचे ते लक्षण असते.

छातीत दुखणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसासाठी दोन गोष्टी पुरेत. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. शेजाऱ्याच्या डबीतील सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) मात्र परस्पर जिभेखाली ठेवू नये, कारण त्याने रक्तदाब आधीच उतरलेला माणूस कोसळू शकतो. आणि रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून स्कूटरवरून नेऊ नये. पुण्यात हे दृश्य दुर्मीळ नाही. वाटेत हृदय थांबले, तर हँडल सोडून दाब कोण देणार?

१०८ क्रमांकाची विनामूल्य सेवा आपल्या राज्यात जानेवारी २०१४ पासून चालू आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, ही मोठी सोय आहे. माझी विनंती एवढीच की, फोन करणाऱ्याला गाडी पोचेपर्यंत मराठीतून, एकेक कृती सांगत दाब द्यायला लावण्याची जबाबदारी फोन घेणाऱ्यावर प्रत्येक वेळी असावी. आम्हा नवांपैकी कोणाला फोनवरून कोणी ठामपणे म्हणाले असते की "त्यांना खाली फरशीवर घ्या आणि मी मोजतो तसे दाबा," तर आम्ही निमूट दाबले असते. डेन्मार्कने २००५ पासून शाळांत आणि पुढे वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचे केले. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी तेथे २००१ मध्ये सुमारे २१ टक्के लोकांना जवळच्या माणसांनी दाब दिला होता, तो आकडा २०१० मध्ये ४५ टक्क्यांच्या घरात गेला. त्याच काळात तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरा टक्क्यांवर पोचले. आपल्याकडे शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत चिन्हे ओळखायला लावतात. त्याला तासाभराच्या या प्रात्यक्षिकाची जोड देता येईल.

कायद्याची भीती हाही एक अडसर आहे. 'आपल्या हातून काही झाले तर?' असे आमच्यातील एकाने त्या सकाळी खरोखरच पुटपुटले होते. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार संरक्षण आहे, परंतु ते वाहन अपघातापुरतेच आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ९२ आणि आताच्या न्याय संहितेचे कलम ३० आधार देते. पण हे वकिलाला माहीत असून उपयोग नाही, वॉचमनला माहीत हवे. दाब देणाऱ्याचे नाव घेऊन तसे संरक्षण जाहीर करणारी एक ओळ राज्य शासनाने करावी.

महापालिकेकडे मागणी एकच आहे. सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण करणाऱ्या मिळकतींना ती करात सवलत देते. विजेचा झटका देणारे एईडी यंत्र बसवून किमान दहा रहिवाशांना आणि सर्व वॉचमनना प्रशिक्षण देणाऱ्या सोसायट्यांना तशीच सवलत द्यावी. हे यंत्र उघडल्यावर बोलून सूचना देते, ठोके स्वतः तपासते आणि गरज नसेल तर झटका देत नाही, त्यामुळे अनाडी हातांतही ते सुरक्षित असते. किंमत साधारण लाखभर रुपये. आमच्या सोसायटीने फाटकाच्या कमानीवर यापेक्षा अधिक खर्च केला आहे.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडला. मोठ्या फाटकाची दुसरी किल्ली काचेच्या पेटीत ठेवण्याचा ठराव विनाविरोध झाला, वॉचमनसह चौदा जणांचे प्रशिक्षण पार पडले, आणि यंत्र पुढील वर्षावर गेले, कारण त्याच्या बॅटरीला व पॅडना मुदत असते आणि ती बदलण्याचा खर्च नेमका किती, हे मला सभेत सांगता आले नाही. पुण्यातील ज्या सोसायट्यांनी असे यंत्र बसवून दोन-तीन वर्षे चालवले आहे, त्यांनी देखभालीचा प्रत्यक्ष खर्च आणि यंत्र नेमके कोठे टांगले, हे कृपया याच स्तंभातून कळवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
कोथरूड, पुणे