एक स्क्रिप्ट, तीन मशीन

पुणे

प्रिय मंदार,

तुझी बॅकअपची स्क्रिप्ट पाहिली. उबुंटू लिनक्सवर मुकाट चालणारी ही बया मॅकवर अडते आणि फ्रीबीएसडी या युनिक्सच्या भावंडावर सुरूच होत नाही, म्हणून तू वैतागलायस.

फ्रीबीएसडीचं सोपं आहे. स्क्रिप्ट कोणी चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीत तू /बिन/बॅश लिहिलंयस, म्हणजे बॅश या शेलचा (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता. तिथे मुळात बॅश नसतंच. नंतर बसवलं तरी ते /यूएसआर/लोकल/बिनमध्ये जातं. त्याऐवजी '/यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश' लिही, म्हणजे बॅश जिथे बसवलं असेल तिथून शोधलं जाईल.

मॅकची खरी डोकेदुखी म्हणजे सेड, फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड. लिनक्सवरच्या ग्नू सेडमध्ये -आय (फाइल जागच्या जागी बदल) नंतर बॅकअपचं एक्स्टेन्शन दिलं नाही तरी चालतं. मॅकवरचं सेड बीएसडीच्या वळणाचं, त्याला ते हवंच. तू देत नाहीस, मग ते तुझी बदलाची कमांडच एक्स्टेन्शन समजतं आणि फाइलचं नाव कमांड म्हणून वाचायला बसतं! कोरं अवतरण घातलंस की मॅक खूश, पण लिनक्स बिघडतं. म्हणून '-आय.बॅक' असं चिकटवून लिही, दोघांनाही पटतं. शिवाय मॅकचं बॅश अजून 3.2 आहे. पुढच्या आवृत्त्या जीपीएल 3 या परवान्याखाली आल्या आणि ॲपल तिथेच थांबलं. त्यामुळे 2009 च्या बॅश 4 मधले तुझे असोसिएटिव्ह ॲरे (नावाने किंमत शोधायच्या याद्या) तिथे चालणार नाहीत.

आणि तुझा सहकारी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'एसएच बॅकअप.एसएच' लिहितो ना? तसं केलं की पहिली ओळ नुसती कॉमेंट उरते. उबुंटूवर 2006 पासून एसएच म्हणजे डॅश, बॅशपेक्षा छोटा शेल. त्याला दुसरी फाइल आत घेणारं 'सोर्स' कळत नाही, अटी तपासणारे दुहेरी चौकटी कंस कळत नाहीत, आणि मजकूर छापायला 'एको -ई' केलं तर '-ई' सुद्धा छापून मोकळा होतो. एको सोडच, प्रिंटएफ वापर. (सोलारिस 10 या जुन्या युनिक्सचं /बिन/एसएच तर एका कमांडचं उत्तर दुसरीत घालणाऱ्या डॉलर-कंसालाही ओळखत नाही, त्यासाठी बॅकटिक ही उलटी अवतरणचिन्हंच लागतात. तुझ्यावर ती वेळ न येवो.)

एवढ्याशा कामाला बॅश कशाला? माझं ऐकशील तर साध्या पॉझिक्स एसएचमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण शेल भाषेत) लिही, डॅशवर चालवून बघ आणि स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणाऱ्या शेलचेकला दाखव.

कालची तारीख काढायला मात्र सामाईक वाट नाही. ग्नूच्या डेट कमांडला -डी लागतं, फ्रीबीएसडी आणि मॅकच्या डेटला -व्ही. मशीन कोणतं ते यूनेम कमांडला विचारून दोन फाटे कर. आणि फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकच्या ओळीत फाइलची नावं अवतरणात घाल. एखाद्या नावात स्पेस निघाली की बसशील शोधत.

सुधारलेली पाठव.

तुझा,
अजय