पाइनच्या पावतीवर प्रत, ओलावा आणि खरे माप हवे

संपादक महोदय,

सादर नमस्कार.

सागाचा भाव मध्यमवर्गीयांना परवडेनासा झाल्यापासून नाशिकमध्ये गच्चीवरची छपरे, पोटमाळे आणि शेतघरांच्या कैच्या यांसाठी पाइनचे लाकूड मोठ्या प्रमाणात वापरले जाऊ लागले आहे. न्यूझीलंडहून कांडला बंदरात उतरणारे रेडिआटा पाइन नीट वाळवलेले आणि प्रतवारी केलेले असेल तर बांधकामाला चांगलेच आहे. माझी तक्रार लाकडाबद्दल नसून ते आपल्याकडे ज्या रीतीने विकले जाते त्याबद्दल आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये मी गच्चीवरील खोलीसाठी वासे आणि रिपा घेतल्या. माल ‘किल्न ड्राय’, म्हणजे भट्टीत वाळवलेला, असल्याचे वखारीत तोंडी सांगण्यात आले आणि भावही तसाच लावला गेला. पावतीवर मात्र ‘पाइन’ हा एक शब्द आणि घनफुटांचा आकडा एवढेच होते. एप्रिलच्या उन्हात वाशांना पीळ पडला आणि पत्र्याचे स्क्रू उचकटले. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा एका नगावरचा ‘एचटी’ हा शिक्का मला पुरावा म्हणून दाखवण्यात आला.

हा शिक्का नेमके काय सांगतो, हे ग्राहकांना कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. परदेशातून यंत्रे ज्या लाकडी खोक्यांतून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत येतात, त्या खोक्यांवर लोंबीच्या चिन्हाशेजारी हीच अक्षरे असतात. लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवून त्यातील कीड मारली आहे, एवढाच त्यांचा अर्थ. लाकूड वाळले की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही. अमेरिकी मालावर ‘केडी’ किंवा ‘एस-ड्राय’ असा शिक्का असेल, तर रंधा मारताना ओलावा 19 टक्के किंवा त्याहून कमी होता, असे समजावे. लाकडातील ओलावा सुमारे 28 ते 30 टक्क्यांच्या खाली उतरू लागला की ते आकसते, आणि जलद वाढलेल्या पाइनच्या गाभ्याजवळ तंतू मळसूत्रासारखे फिरलेले असल्याने तेथील लाकूड आकसताना पिळते. हे आकसणे भट्टीत उरकायला हवे होते. ते माझ्या छपरावर झाले. शिवाय भट्टीतून कोरडे निघालेले लाकूड जुलैच्या पावसात ताडपत्रीशिवाय पडून राहिले, तर ते पुन्हा ओलावा धरते आणि शिक्का असूनही नसल्यासारखाच होतो.

प्रतीची गोष्ट तर कोणी काढतच नाही. तुळईच्या मध्यावर खालच्या कडेला असलेली मोठी गाठ आणि टोकाजवळची तेवढीच गाठ यांत भार पेलण्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. म्हणूनच गाठींचा आकार व जागा, तंतूंचा तिरकेपणा आणि चिरा पाहून प्रत ठरवतात. आपल्या आयएस 883 या मानकातही निवडक, पहिली आणि दुसरी अशा प्रती आहेत. वखारीत मात्र निळसर झाक दिसली की गिऱ्हाईक फळी बाजूला सारते आणि गाठींकडे त्याचे लक्षही जात नाही. त्या निळ्या बुरशीने ताकद फारशी घटत नाही. लाकूड बराच काळ ओले राहिले होते, एवढे मात्र ती सांगते. द्राक्षाच्या मण्याचा आकार आणि गोडी यंत्राने मोजून माल परदेशी पाठवणाऱ्या जिल्ह्यात तुळई नुसत्या नजरेने पसंत व्हावी, याचे नवल वाटते.

मापातही गफलत होते. परदेशी हिशेबातील ‘दोन बाय चार’ हा नग रंधा मारल्यावर प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरतो. बारा फुटांच्या अशा नगाचे बिल नावाच्या मापाने 0.67 घनफुटांचे होते, आणि हातात येते जेमतेम 0.44 घनफूट. 2009 च्या वैध मापन कायद्यानुसार व्यवहार मेट्रिक मापांत व्हायला हवा, हा मुद्दा वेगळाच.

सचोटीने धंदा करणारे वखारदार शहरात आहेत, त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण प्रत, मोजलेला ओलावा आणि प्रत्यक्ष माप या तीन नोंदी पावतीवर असाव्यात, यासाठी व्यापाऱ्यांनी स्वतःहून पुढे यावे आणि वैध मापन यंत्रणेने निदान मापापुरते लक्ष घालावे. दोन सुयांचे ओलावा मापक यंत्र काही फार महाग नसते. ते गल्ल्याशेजारी ठेवून ग्राहकासमोर चार-सहा नगांना टोचून दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत. वास्तुविशारद आणि अभियंते यांनीही अंदाजपत्रकात नुसते ‘पाइन’ लिहू नये. वाळवीचा बंदोबस्त भट्टीने होत नाही, त्यासाठी दाबाखाली औषध भरलेले लाकूड लागते, हेही तेथेच नमूद करावे. आमच्या अंदाजपत्रकात यातले काहीच नव्हते आणि मीही ते विचारले नव्हते.

आपला,
एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक