नाल्यातला गाळ येतो कुठून?

संपादक महोदय,

मे महिना उजाडला की मुंबईत नालेसफाईच्या टक्केवारीच्या बातम्या सुरू होतात. 31 मेच्या मुदतीत किती गाळ निघाला, कंत्राटदाराच्या डंपरच्या खेपा खऱ्या की कागदावरच्या, यावर वाद झडतात. 2025 मध्ये तर मिठी नदीच्या गाळउपशातील कथित 65 कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हाही नोंदवला गेला. चौकशी व्हायलाच हवी. मात्र काढलेल्या गाळाचा हिशेब मागणारे आपण, तो नाल्यात पडलाच कसा हे विचारत नाही. विचारलेच तर प्लास्टिक आणि झोपडपट्टी ही दोन उत्तरे तयार असतात. तिसरे उत्तर आमच्या मुलुंडसारख्या उपनगरात गल्लोगल्ली पत्र्याआड उभे आहे. ते म्हणजे पुनर्विकासाची बांधकामे.

माझी सगळी नोकरी बांधकामांवर साइट इंजिनिअर म्हणून झाली, त्यामुळे पत्र्याआड काय चालते हे ठाऊक आहे. पाया खणला की खड्ड्यात पाणी साचते. पंप लावून ते उपसतात आणि नळीचे तोंड सोडतात जवळच्या पर्जन्यजलवाहिनीच्या जाळीवर. त्या पाण्यासोबत माती जाते. पायलिंग करताना, म्हणजे पायाचे खांब ओतण्यासाठी जमिनीत खोल भोके पाडताना, भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती कालवलेले पाणी भरतात. काँक्रीट ओतले की ते वर येते आणि बऱ्याचदा त्याच वाटेने जाते. मिक्सर रिकामा झाला की ड्रम धुतात. या धुवणाचा सामू (pH) 12 च्या आसपास, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते. त्यात हातमोज्यांशिवाय काम केले तर कातडी सोलवटते. शिवाय सिमेंट पाण्यातही घट्ट होते. वाहिनीच्या तळाशी बसलेला असा थर फावड्याने निघत नाही, फोडावा लागतो. दरवर्षी सफाई होऊनही काही गल्ल्या पहिल्याच सरीत तुंबतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मुंबईत सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. रस्त्याकडेच्या जाळीत जे पडते ते कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यात आणि तिथून खाडीत जाते. आमच्याकडचे जाते ठाणे खाडीत. तीच खाडी जिला 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, म्हणून आपण फ्लेमिंगोंचे फोटो एकमेकांना पाठवले.

ऑक्टोबर 2023 मध्ये हवा बिघडली तेव्हा महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. उंच पत्रे, हिरवे कापड, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाके धुणे. नियम चांगलेच आहेत. पण चाके धुतलेले पाणी जाते कुठे? आमच्या घराजवळच्या एका बांधकामावर ते फाटकातून वाहत थेट जाळीत उतरते. म्हणजे हिवाळ्यात हवेत उडणारी धूळ आपण नाल्यात बसवतो आणि उन्हाळ्यात करदात्यांच्या पैशाने उपसतो!

कायदा नाही असे नाही. राडारोड्यामुळे गटारे-नाले अडणार नाहीत याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर आहे, हे केंद्राच्या 2016 च्या नियमांतच लिहिले होते; 2026 पासून त्यांच्या जागी नवे नियम आले आहेत. जलप्रदूषण प्रतिबंधाचा 1974 चा कायदा तर त्याहून जुना. अडते ते अंमलबजावणीत. बांधकामाला परवानगी देणारा विभाग वेगळा, वाहिन्या साफ करणारा वेगळा.

यावरचा उपाय अवघड नाही. पंपाचे पाणी दोन-तीन कप्प्यांच्या टाकीतून गाळ खाली बसवूनच बाहेर सोडायचे. चिकणमाती लवकर बसत नाही, तिथे तुरटी लागते. बेंटोनाइट टँकरनेच न्यायला हवे. मिक्सर धुण्यासाठी आवारातच खड्डा करायचा आणि त्यात जमलेला गोळा राडारोड्याबरोबर पाठवायचा. टाकीचा खर्च नव्या इमारतीतल्या एका मॉड्युलर किचनपेक्षा जास्त नसावा.

महापालिकेकडे माझी मागणी एवढीच आहे. ही टाकी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खोदाईची परवानगी देऊ नये. प्रत्येक बांधकामाबाहेरची पर्जन्यजलवाहिनीची झाकणे काम सुरू होण्याआधी, मे महिन्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर उघडून फोटो काढावेत. आत सिमेंट किंवा माती सापडली तर सफाईचे बिल विकासकाच्या नावे फाडावे. नुसता दंड ठेवला तर तो भरून मोकळे होतात, हा माझा अनुभव आहे. भोगवटा प्रमाणपत्र अडकले की मात्र सगळे जागे होतात. तेव्हा हे बिल त्याच प्रमाणपत्राला जोडावे.

यातून आपण सोसायट्यांचे सभासदही सुटत नाही. विकासकाशी होणाऱ्या करारनाम्यात कॉर्पस (सोसायटीला मिळणारा निधी), भाडे, वाढीव कार्पेट एरिया आणि पार्किंग यांवर आपण रात्री बारापर्यंत भांडतो. पंपाची नळी कुठे सोडणार, याची एक ओळही त्यात नसते. आमच्या सोसायटीचा करारनामा अजून सहीला यायचा आहे. ही ओळ त्यात घालावी, असे पत्र मी समितीला दिले आहे. त्याने विकासक नाराज होतील, अशी भीती सध्या काही सभासदांना वाटते आहे.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई