जुना निकॉन बाहेर काढताना

संपादक महोदय,

पावसाळा सरला की गोव्यातल्या कपाटांतून जुने फिल्म कॅमेरे निघतात. १९७८ चा निकॉन एफई हाती लागला तर आधी बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट थर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, कोरडा करा आणि एसआर४४ या बटणासारख्या दोन बॅटऱ्या घाला. फिल्म सरकवणारी लिव्हर बाहेर राहिली की प्रकाश मोजणारा मीटर चालूच राहतो, बॅटरी उतरते. तरी एम९० या बॅटरी न लागणाऱ्या वेगावर शटर चालतेच.

मिरामारला सूर्यास्तासमोर माणूस काळा येतो, कारण मीटर आकाश मोजतो. चेहऱ्याजवळ जाऊन सेल्फ-टायमरचा खटका लेन्सकडे दाबून धरावा, म्हणजे चेहऱ्याचे माप कायम राहते, आणि तो तसाच धरून मागे येऊन फोटो काढावा. आणि ती चामड्याची पेटी! ओल धरते, लेन्सला बुरशी लावते, फेकाच.

– एक वाचक, पणजी