स्वरलिपीतल्या रेषा गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दर आठवड्याला एक अभंग स्वरलिपीसह, म्हणजे त्याचे स्वर अक्षरांनी आणि खुणांनी लिहून, येतो. जिथे शिकवायला कोणी नाही, तिथे हे पान फार उपयोगी पडते. आमच्या भागात अनेक जण ते कापून वहीत चिकटवतात. मी परभणीत डीटीपीचे (संगणकावर पाने जुळवण्याचे) काम करते आणि संध्याकाळी गल्लीतल्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. या सदरातला एक दोष मला दोन्ही बाजूंनी दिसला, म्हणून हे पत्र.

गेल्या रविवारचा अभंग भीमपलासीतला होता. या रागात गंधार (ग) आणि निषाद (नि) कोमल, म्हणजे थोडे उतरलेले, लागतात. पं. वि. ना. भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेषा देतात, तीव्र (चढ्या) मध्यमावर उभी रेषा, मंद्र (खालच्या) सप्तकासाठी खाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकासाठी वर टिंब. आपल्या पानावर टिंबे सगळी जागच्या जागी होती, पण कोमलाची रेषा एकही नव्हती. ‘ऩि॒ सा ग॒ म प नि॒ सां’ असा आरोह (चढता क्रम) हवा होता, तो ‘ऩि सा ग म प नि सां’ असा छापला गेला. हा तर बिहागाचा आरोह! दोन्ही रागांत चढताना रिषभ-धैवत (रे-ध) वर्ज्य आणि उतरताना सातही स्वर, त्यामुळे रेषा गेल्या तरी वाचणाऱ्याला काही बिघडल्याची शंकासुद्धा येत नाही. भीमपलासी दुपारचा राग, बिहाग रात्रीचा. मंडळातली एक शाळकरी मुलगी कात्रणावरून तो अभंग पेटीवर बसवून आली. पांढरी एकचा सा धरला की कोमल ग आणि नि काळ्या पट्ट्यांवर येतात, पण तिने सगळा अभंग पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवला, अगदी न अडखळता. जे छापले होते तेच तिने वाजवले. तिला दोष कसा देणार?

टिंबे राहिली आणि रेषाच कशा गेल्या, याचे कारण माझ्या धंद्यातले आहे. टिंब टाइप केलेले असते. खालच्या टिंबाला नुक्ता वापरतात, वरच्याला अनुस्वार. ती अक्षरेच असल्यामुळे मजकूर कुठेही नेला तरी सोबत जातात. कोमलाची रेषा मात्र बहुतेक जण अधोरेखनाचे बटण दाबून देतात. ती अक्षर नसते, नुसती सजावट असते. मजकूर ई-मेलमधून उचलून पानावर साधा पेस्ट केला की सजावट गळते आणि तिच्याबरोबर राग गळतो.

अधोरेखन टिकले तरी काम नीट होत नाही. मंद्र सप्तकातला कोमल निषाद घ्या. आधी अक्षराच्या पायाशी रेषा, तिच्याखाली टिंब, आणि एका मात्रेत (तालाच्या एका ठोक्यात) दोन-तीन स्वर असतील तर त्या सगळ्यांखाली चंद्रकोर, असे तीन मजले खाली उतरतात. अधोरेखनाची रेषा नेमकी टिंबावरून जाते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई थोडी पसरतेच. टिंब रेषेत मुरते आणि मंद्रातला नि मध्य सप्तकात येऊन बसतो. शेजारी दोन कोमल स्वर आले की दोघांखाली एकच लांब पट्टी दिसते, तीही मधल्या मोकळ्या जागेसकट.

यावरचा उपाय संगणकात आधीपासून आहे. वेदपाठाच्या स्वरचिन्हांसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, अक्षराखालची आडवी रेषा (क्रमांक ०९५२) आणि वरची उभी रेषा (०९५१) स्वतंत्र चिन्हे म्हणून दिलेली आहेत. कोमल आणि तीव्रासाठी हव्यात त्या याच आकाराच्या. ती चिन्हे टाइप केली की पेस्ट करताना गळत नाहीत. फक्त नुक्ता ‘न’ला लगेच द्यायचा, वेलांटी त्यानंतर आणि रेषा सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला की बऱ्याच ठिकाणी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. प्रत्येक फाँटमध्ये ही चिन्हे नीट बसत नाहीत, म्हणून छपाईच्या आकारात एक प्रूफ काढून डोळ्यांनी बघावेच लागते.

पाश्चात्त्य संगीताच्या छपाईत हा डोळा कारागिरांकडे होता. मऊ धातूच्या पत्र्यावर पोलादी ठशांनी ते एकेक चिन्ह उलटे ठोकत. दुप्पट लांबीच्या स्वराला जागा दुप्पट द्यायची नाही, थोडीच वाढवायची, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या लिलिपाँड या संगीत छापण्याच्या मोफत प्रणालीच्या कर्त्यांनी हाताने कोरलेली जुनी पाने समोर ठेवून त्यातली समज प्रोग्रॅममध्ये उतरवली. पुढे २०१३ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने संगीतचिन्हांच्या फाँटसाठी एक खुले प्रमाण जाहीर केले. तिकडचे नियम जसेच्या तसे आपल्याला चालणार नाहीत. आपल्याकडे मात्रा समान, म्हणून तिची जागाही समान हवी, मग तिच्यात एक स्वर असो की चार. पण तेवढी आस्था आपल्या लिपीलाही मिळायला हवी.

मराठवाड्याने तर हा आग्रह धरायलाच हवा. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आपल्या दौलताबादेत. त्यात मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेषा द्यावी, असा लिहिण्याचा नियम दिला आहे. आजची खूण त्याहून वेगळी, पण टिंब कुठे आणि रेषा कुठे याचा विचार आपल्या मातीत तेव्हापासून झालेला आहे. भातखंड्यांच्या, स्वरलिपीसह बंदिशी देणाऱ्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहाही भाग मुळात मराठीतच निघाले.

तेव्हा विनंती अशी. भीमपलासीची दुरुस्त स्वरलिपी पुन्हा छापावी. पुढच्या वेळी त्रितालाच्या सोळा मात्रा अरुंद कॉलममध्ये कोंबून अकराव्या मात्रेवर ओळ तोडू नये. आठ-आठ मात्रांच्या दोन ओळी कराव्यात, म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाची सम (पहिली मात्रा) पानावर एकाखाली एक येईल. खाली अभंगाचे शब्द आणि अवग्रह (अक्षर लांबवण्याची ‘ऽ’ ही खूण) आपापल्या मात्रेखालीच राहावेत. कणस्वर (मुख्य स्वराला लागून बारीक अक्षरात लिहितात ते) वाचता येतील एवढे मोठे असावेत. स्वरलिपी नुसत्या काळ्या शाईत छापावी, कारण चार रंगांत छापताना रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरा हलले तरी बारीक रेषा फुटते. आणि पान छपाईला सोडण्यापूर्वी गाणे जाणणाऱ्या एकाने ते प्रूफ पेटीवर वाजवून पाहावे.

विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आणि फाँट बनवणाऱ्यांनी एकत्र बसून स्वरलिपीचा एक खुला फाँट करावा, असेही मनापासून वाटते. मात्रेखालची चंद्रकोर आज आम्ही हाताने काढतो आणि वरची एक ओळ हलली की साऱ्या चंद्रकोरी जागा सोडतात. ते काम फाँटनेच करायला हवे. तोवर वर सांगितलेल्या पद्धतीने जुळवलेले भीमपलासीचे एक पान या पत्रासोबत जोडले आहे. आपल्या पानजुळणी विभागाने ते नमुना म्हणून वापरावे.

आपली वाचक,
एक डीटीपी व्यावसायिक, परभणी